दुसऱ्या गिअरचा आवाज

आमच्या ह्यांचं आणि माझं बोलणं सध्या खिडकीतून चालतं. पाठीचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले, हे आत पलंगावर, आणि मी बाहेर अंगणात व्हॅनखाली. त्यांना माझे फक्त पाय दिसतात. तरी सूचना काही थांबत नाहीत. माणूस आडवा झाला, जीभ उभीच.

"आधी वरचा नट! वरचा सुटतोय का बघ, मगच खालच्याला हात लाव."

"माहितीये हो."

"माहितीये म्हणतेस, आणि खालचा काढून बसशील. जुनं तेल सगळं सांडणार, वरचा अडकला तर नवीन भरायचं कुठून? मग बसा बोंबलत."

"अहो, तिसऱ्यांदा सांगताय."

"चौथ्यांदाही सांगेन."

रविवार म्हणजे माझा झोपायचा वार. बाकीचे सहा दिवस मी लाँड्रीतून इस्पितळांच्या चादरी नेते आणि मळक्या परत आणते. सकाळी एक फेरी, दुपारी एक. गठ्ठे उतरवणारी माणसं असतात, पण ती हवी तेव्हा कधी नसतात. अंग नुसतं मोडून येतं. तरी आज मी पाठीखाली पुठ्ठा घालून जमिनीवर पडले होते, कारण उद्यापासून ही व्हॅन आमचे जावई चालवणार होते. त्यांच्या हातात द्यायच्या आधी तेल बदललेलं बरं, असं ह्यांचं म्हणणं.

ते ठरवलंही ह्यांनीच, फोनवर, मी भाकऱ्या भाजत असताना. "तुझ्या हातात गाडी टिकत नाही," एवढंच मला सांगितलं. थकलेय तर बस घरी, असं कोणी प्रेमानं म्हटलं असतं तर कदाचित मी किल्ली काढून दिलीही असती. पण हे ऐकून घेऊन द्यायची? त्या व्हॅनमध्ये दिवसाचे सहा तास मला कोणी हाक मारत नाही. ते सहा तास माझे आहेत. ते जाणार म्हणून मला रडूच येत होतं, पण ग्रीस लागलेल्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत.

दोष माझा होता, निदान तीन वर्षं मी तेच ऐकत होते. दुसरा गिअर टाकला की कर्र. पहिल्यांदा कर्र झालं तेव्हा हे वर्कशॉपमधून नुकतेच घरी आले होते. दारातूनच ओरडले, "क्लच! पूर्ण दाब!" त्यानंतर रोज क्लच. पाहुण्यांसमोर क्लच. "हिच्या गिअरनं गल्लीतली कुत्री जागी होतात," असं म्हणून हसवायचे लोकांना. आणि मी इतक्या जोरात क्लच दाबायला लागले की डाव्या गुडघ्याला पट्टा बांधावा लागतो. आवाज काही गेला नाही. तीस वर्षं गिअरबॉक्स खोलणारा नवरा सांगतोय म्हटल्यावर कोण म्हणेल की चूक पायाची नाही?

तेल आणायला काल दुकानात गेले तेव्हा ह्यांनी चिठ्ठी दिली होती. "गिअरबॉक्सला चार नंबर. डिफरन्शियलला पाच. गिअरबॉक्सला पाच नको." त्यातल्या 'नको'खाली दोन रेघा. दुकानदार म्हणाला, "मावशी, पाचच न्या, दोन्हीकडे चालतं. सगळे तेच घालतात." मी फोन लावला तर हे असे खवळले की दुकानदारालाही ऐकू गेलं. पाच नंबरातलं औषध मागच्या चाकांच्या डिफरन्शियलला जपतं, पण गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात, त्यांना खातं. गिअर न खरवडता बसतो तो त्या रिंगांमुळे. एवढं भाषण फोनवर. मी दोन डबे घेऊन आले.

वर्कशॉपमध्येच नेऊ या, असंही मी म्हटलं होतं. ह्यांचेच जुने सोबती, तासाभराचं काम. "तिथे नाही न्यायची," म्हणाले. का, तर नाही. हट्टी माणसाला कारण विचारू नये म्हणून मी विचारलं नाही.

तर, वरचा नट सुटला. मग खालचा. मघाशीच गाडी फिरवून आणली होती, त्यामुळे तेल कोमट होतं, भसाभस घमेल्यात पडलं. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला.

"नटाच्या मॅग्नेटवर काय आहे?" आतून प्रश्न.

"राखाडी मिशी."

"चालतं. लोखंडाची बारीक पूड ती, असतेच. आणि तेल कसंय?"

मी घमेलं ओढून उन्हात घेतलं. काळ्या तेलात सोनेरी चकाकी फिरत होती. बोटानं ढवळलं, तर सगळीकडे. लोखंड मॅग्नेटला चिकटतं, पितळ चिकटत नाही, ते तेलातच तरंगतं. एवढं तर तीस वर्षांच्या संसारात मलाही कळतं.

मग माझी नजर दोरीखालच्या डब्याकडे गेली. कपड्यांचे चिमटे ठेवते मी त्यात. तोंड कापलेला पिवळा डबा, ह्यांनीच कापून दिलेला. चार वर्षांपूर्वी असाच एक रविवार होता. हे व्हॅनखाली, मी बॅटरीचा उजेड धरून. वर्कशॉपमधून अर्धा डबा तेल आणलं होतं. "उरलंय, वाया कशाला घालवायचं?" लोकांच्या गाडीला नेमून दिलेलं, घरच्या गाडीला उरलेलं, हा ह्यांचा कायमचा नेम. डब्यावर पाचचा आकडा होता. अजून आहे.

मी तशीच बसले. आधी राग आला, असा की घमेलं उचलून खिडकीतून आत ओतावं. तीन वर्षं! माझा गुडघा, ते पाहुणे, ती कुत्री. मग खिडकीकडे पाहिलं. गजाला धरलेली ह्यांची बोटं दिसत होती, काडीसारखी झालेली. चालता येत नाही, पाना धरता येत नाही, राहिलंय काय तर गिअरबॉक्स ह्यांच्याइतका कोणाला कळत नाही, एवढंच. ते मी घालवू? पण नाही बोलले तर उद्या किल्ली जावयाच्या खिशात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये घमेलं धरून.

"अगं, तेल कसंय विचारलं मी!"

"काळं," मी म्हटलं. "साधं काळं."

मी खालचा नट पुसला, बसवला, वरच्या भोकात नळी घातली.

"पितळ नाही ना दिसत?"

नळीवरचा माझा हात थांबला. "दिसायला हवं का?"

"हवं," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मला खिडकीशी जावं लागलं. "मीच घातलं होतं. उरलेलं. एवढ्याशानं काय होतंय म्हटलं. वर्षाच्या आत आवाज आला तेव्हाच मला कळलं."

"आणि मग क्लच?"

"मग काय सांगणार होतो? लोक माझ्याकडून शिकायचे गं."

"म्हणून वर्कशॉपमध्ये न्यायची नव्हती."

त्यांनी मान डोलावली. डोळे भरले होते. माझे नव्हते. मी इतकी दमले होते की मला भांडताही येईना. म्हटलं, "मी साधं काळं सांगत होते. तुमच्यासाठी. तुम्ही तीन वर्षांत एकदा तरी माझ्यासाठी खरं सांगायचं होतं." एवढं बोलले आणि परत व्हॅनखाली गेले.

चार नंबरचं तेल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. मागे डिफरन्शियलला पाच नंबर, तिथेही आधी वरचा नट. एकही सूचना आली नाही. तेवढ्या वेळात ह्यांनी फोन केला असावा, कारण आतून ऐकू आलं, "नाही, नाही, उद्या येऊ नका. तिची गाडी आहे, तीच चालवेल."

संध्याकाळी गाडी खाली लावलेल्या लोखंडी स्टँडवरून उतरवली आणि गल्लीत एक फेरी मारायला काढली. पहिला गिअर. मग क्लच दाबला, नेहमीसारखा गुडघा मोडेस्तोवर नाही, पुरेसा दाबला, आणि दुसरा टाकला. कर्र. खाल्लेलं पितळ नवीन तेलानं परत येत नाही. सवयीनं माझी मान आखडली, आता ओरडतील म्हणून.

ओरडले. गजाला तोंड लावून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे.

"तो माझा गं! तुझा नाही, माझा!"

समोरची बाई दारात येऊन बघायला लागली. मी गाडी पुढे नेली आणि कोपऱ्यावर पोचल्यावर डाव्या गुडघ्याचा पट्टा सोडला.