पाच पावलांचा रूळ

मी एक जुना रूळ आहे, आणि तोही आखूड. मित्रांनो, दोन शहरांना जोडणारा आमचा लोहमार्ग दोन्हीकडून एकदमच बांधायला घेतला होता. दोन तुकड्या मधल्या माळावर समोरासमोर आल्या, तेव्हा जेमतेम पाच पावलांची जागा उरली. पूर्ण रूळ तिथे बसेना. मग दोन रूळ कापले. त्यातला उजवीकडचा मी.

पहिली गाडी आली त्या दिवशी दोन्ही शहरांतल्या लोकांनी माझ्यापाशी उभे राहून टाळ्या वाजवल्या. नंतर माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. टपाल, कोळसा, लग्नाची वऱ्हाडे, दवाखान्यात निघालेले आजारी, सगळे माझ्या अंगावरून गेले. मला स्वस्थता अशी कधी नव्हतीच. एका गाडीची थरथर विरते न विरते, तोच दुसरीची सुरू.

माझी विचारपूस करणारा माणूस एकच, रोज पायी रूळ तपासत जाणारा. हातोडीने ठोकून तो आवाज ऐकायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत.

एका हिवाळ्यात माझ्या पोटात तडा गेला. वरून काहीच दिसत नव्हते. मला कळत होते, पण सांगणार कसे? जीव नुसता टांगणीला लागला. त्यात त्याच सकाळी नवी वेगवान गाडी पहिल्यांदा धावणार होती.

कानसेनने हातोडी मारली आणि तो थबकला. पुन्हा मारली. मग धावत जाऊन मुकादमाला घेऊन आला. मुकादमाने वाकून पाहिले, हात फिरवला. गाडी अडवली तर वरून बोलणी बसतील, आजचा दिवस जाऊ दे, असे त्याने सांगितले.

"दादा, याचा आवाज बसलाय," कानसेन म्हणाला. "मी गाडी जाऊ देणार नाही."

लाल बावटा घेऊन तो पुढे पळाला आणि रुळांच्या मधोमध उभा राहिला. गाडी करकचत थांबली. अधिकारी उतरून त्याच्यावर तुटून पडले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले, पण तो बाजूला झाला नाही. शेवटी मला उचकटून उलटे केले. बोट जाईल एवढी फट होती. खिडकीतली एक बाई मांडीवरच्या बाळाला थोपटत होती. तिच्याकडे पाहत मुकादम खडीवर मटकन बसला.

"उद्यापासून मीही तुझ्याबरोबर चालत येतो," तो कानसेनला म्हणाला. "मला ऐकायला शिकव."

माझ्या जागी दुसरा रूळ बसला आणि गाडी दोन तास उशिरा का होईना, सुखरूप पोहोचली. मी कडेला गंजत पडलो आहे. जमीन हादरली की अजूनही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना अधूनमधून हात लावून पाहत जा. आणि कुणी 'आवाज बदललाय' म्हणाले, तर घड्याळाकडे बघू नका. आधी थांबा.