सातबाऱ्यावरची तीन नावं

मालक गेले आणि सातबाऱ्यावर तीन नावं चढली. माझं, लेकाचं म्हणजे मिथुनचं, आणि सारंगखेड्याला दिलेल्या लेकीचं, कामिनीचं. तेव्हापासून पीककर्ज काढायचं म्हटलं की दरसाल तिघांच्या सह्या. यंदा बँकेच्या साहेबानं मिथुनला सांगितलं, सगळ्यांना हजर करा, नाहीतर नावं कमी करून आणा.

आमच्या गुजर घरांत हक्कसोड ही काही मोठी गोष्ट नाही. बहीण आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येते, अंगठा देते, साडी घेऊन सासरी जाते. मीही दिला होता माझ्या भावांना. पण कामिनी अडून बसली.

"माय, मन्हा भाग ऱ्हाऊ दे ना. कधी वखत पडना तर?"

मी अशी तडकले म्हणता! "भाऊना ताटमातलं वढी ऱ्हायनी? लाज नही वाटत तुले?"

पोरगी रडली, नीट जेवली नाही, शेवटी हो म्हणाली.

त्या दिवसापासून मिथुन भलताच गोड बोलायला लागला. चहा हातात आणून देई. सूनबाईनं माझी खाट ओट्यावर काढली, वारा लागेल म्हणे. बाई गं, इतक्या वर्षांत माझ्या वाऱ्याची काळजी कुणाला नव्हती. पण पोटच्या पोरावर संशय घ्यायचा तरी कसा?

शहाद्याच्या निबंधक कार्यालयात कामिनीनं यंत्रावर अंगठा ठेवला, फोटो दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी निघायला उठले.

"माय, बस. आते तुन्हा अंगठा," मिथुन म्हणाला.

"मन्हा कसाले? साक्षीदार तर गावना दोन जण शेतस."

कारकुनानं वाचून दाखवलं. हक्क सोडणाऱ्या दोघी: एक कामिनी, दोन जसोदाबाई, म्हणजे मी.

"दरसाल तुले बँकमा कोठे लई फिरू?" मिथुन हळूच बोलला. "घर शेच ना तुन्हं."

घर मी गेल्या साली त्याच्या नावावर करून दिलं होतं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर समोर कामिनी. आता मात्र ती माझ्याकडे टक लावून बघत होती, मी काय बोलते ते ऐकायला. लेकीची लाज काढलेल्या तोंडानं मी माझा वाटा कसा मागू?

मी अंगठा पुढे केला.

"जोरानं दाबा, आजी," कारकून म्हणाला.