चौक गावचा भोंगा आणि दोन नावं

मी एक जुना भोंगा आहे. भाईंदरजवळच्या चौक गावात, मच्छीमारांच्या शेडमागे, फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर पडून असतो. खाऱ्या वाऱ्यानं माझा पत्रा खाल्लाय. पण मित्रांनो, एके काळी माझा आवाज समुद्रात नांगरलेल्या बोटींपर्यंत पोचायचा.

भाईंदरच्या एका छोट्या कारखान्यात मला ठोकून-वाकवून आकार दिला. गावकऱ्यांनी मला देवळाजवळच्या खांबावर चढवलं. माईकवर गावातला गुणवंत असायचा. "वारा सुटनार हाय, बोटी काढू नका," असं तो सांगायचा. एकदा त्यानं हरवलेली बकरी पुकारली आणि ती लगेच सापडली. "भोंग्याचा गुण हाय," लोक म्हणाले. मी फुगून गेलो. मला वाटलं, माझ्यातून नाव गेलं की हरवलेलं परत येतंच.

मच्छीमार दशरथ आणि त्याची बायको हंसा यांची मुलं माझ्या खांबाखाली खेळायची. इशिता चौथीत, अल्पेश पहिलीत. एका दुपारी आईनं त्यांना सुके बोंबील द्यायला मावशीकडे पाठवलं. मावशीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तिथं ती पोचलीच नाहीत.

गुणवंतनं नावं पुकारली. "इशिता, हिरवा फ्रॉक. अल्पेश, निळा शर्ट, पुढचे दोन दात पडलेले." बायका मासे तसेच टाकून धावल्या. विहिरी, खडक, किनाऱ्यावरच्या बोटी, सगळं पाहून झालं. पोलीस आले, त्यांनीही शोधलं. काही मिळालं नाही. बोंबलांची पिशवीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मला रिक्षाच्या टपावर बांधलं. भाईंदर, वरसावे, घोडबंदर. मराठीतून, हिंदीतून, तीच दोन नावं. कुणी थांबून ऐकायचं, कुणी खिडकी लावून घ्यायचं. घोडबंदरला एक माणूस म्हणाला, "हां, देखा है दोनों को, खाडी के पास." दशरथ चप्पल टाकून धावत सुटला. तिथं दुसरीच मुलं खेळत होती. त्या माणसानं काही पाहिलंच नव्हतं, उगाच बोलला होता. दशरथ रस्त्याच्या कडेला मटकन बसला. मी टपावरून पाहत होतो. त्याला धीर द्यायला माझ्याजवळ स्वतःचा एक शब्दही नव्हता.

मग हंसानं माईक हातात घेतला. "इशू गो, भावाला घेऊन घरा ये. कोन काय बोलनार न्हाय." तिचा आवाज फाटला, तसा माझाही फाटला.

वर्षं गेली. मावशीनं घरात बोंबील आणणं सोडलं. गावात कुणी पोराला एकट्यानं दुकानात पाठवेना. दशरथ मासे विकायला ज्या बंदरात जाई, तिथं आधी पोरांचे चेहरे बघत फिरे.

दरवर्षी त्या तारखेला हंसा गुणवंतकडे यायची. एका वर्षी त्यानं विचारलं, "वहिनी, त्येच वर्णन सांगू ना?"

ती म्हणाली, "दातांचं सांगू नको. आता आले आसतील. इशू माझ्याएवढी झाली आसंल. फ्रॉकचंबी नको."

"मग काय सांगू?"

शेवटी गुणवंतनं नुसती नावंच पुकारली.

पुढे नवे स्पीकर आले आणि मला खाली उतरवलं. मुलं अजून सापडलेली नाहीत. त्यांचं काय झालं, हे कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, माझी दुरुस्ती करा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या गल्लीतून कधी एखादा भोंगा कुणाचं नाव घेत गेला, तर खेळ थांबवा आणि वर्णन शेवटपर्यंत ऐका. तसं कुणी दिसलं असेल तर लगेच मोठ्यांना सांगा. दिसलं नसेल, तर नाही पाहिलं म्हणून सांगा. कुणाच्या आईबापाला उगाच धावायला लावू नका. माझा आवाज गेलाय. तुमचे कान अजून चांगले आहेत.