पाण्यावरची साय

तिचा नवरा बोटीवर मेकॅनिक. सहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत समुद्र कमी पडेल म्हणून की काय, त्याने बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची पाच फुटी टाकी बसवली होती. तिच्यात पोवळी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि काठावर थेट पाण्याकडे रोखलेला कॅमेरा.

अशा पाण्यावर दिवसभरात तेलकट साय धरते. माशांच्या खाण्याची, धुळीची, स्वयंपाकाच्या वाफेची. ती साचली की हवा पाण्यात नीट उतरत नाही आणि मासे वर येऊन तोंडं वासतात. म्हणून दिवसातून चारदा तिने कोरडा कागदी रुमाल पाण्यावर आडवा पसरायचा, साय चिकटली की अलगद उचलायचा. मधल्या वेळात शिलाई मशीन. घरात तळण बंद, हाताला क्रीम बंद.

तरी बोटीवरून फोन यायचाच. "अगं, डाव्या कोपऱ्यात चकाकतंय."

"आत्ताच काढलीय हो."

"मला दिसतंय ना इथून."

तीन वर्षांत ती चार तासांपेक्षा जास्त घराबाहेर राहिली नव्हती. भाचीच्या लग्नातूनही जेवणाआधी निघाली होती. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुझं तान्हं काय म्हणतंय?" तीही हसायची.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. "डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. तीन दिवस थेंब घालायला कुणीतरी हवं होतं." आणि हिने तोंड उघडायच्या आत, "नाही जमलं तर राहू दे गं."

ते 'राहू दे' तिला फार लागलं. ती तशीच उठून माशांच्या दुकानात गेली. तीन दिवस कुणी माणूस मिळेल का, विचारलं.

"माणूस कशाला, वहिनी? पेटी लावा की." दुकानदाराने फळीवरून एक काळी पेटी काढली. काठावर टांगायची, वरच्या बाजूला कंगव्यासारखे दाते. वरचंच पाणी साय घेऊन आत पडतं, गाळून परत जातं. "दिवसरात्र चालते."

"नवीन निघालीय का?"

"छे! टाकी बसवली तेव्हाच साहेबांना दाखवली होती मी. ते म्हणाले, कशाला, घरी बायको आहे की."

त्याने ते कौतुकानेच सांगितलं. ती स्टुलावर बसली. राग नंतर आला, आधी लाजच वाटली. तीन वर्षं आपण जीव मुठीत धरून बाजारातून पळत आलो, ते या हातभर डब्याऐवजी.

दुपारी दुकानदाराने घरी येऊन पेटी लावून दिली. तासाभरात पाणी असं नितळ झालं की छताचा पंखा त्यात पात्यांसकट दिसू लागला. फोन वाजलाच.

"काय लावलंयस ते? कुणाला विचारून?"

"पेटी. तुम्ही पाहिलेली."

तो म्हणाला, "यंत्राचा काय भरवसा? बंद पडली तर?"

"आणि मी आजारी पडले असते तर?"

"तसं नाही गं. तू घरात दिसलीस की मला इकडे बरं वाटतं."

हे खरं होतं, तिला ठाऊक होतं. एरवी ती तिथेच विरघळली असती. "मी ताईकडे चाललेय," ती म्हणाली. "किल्ली काकूंकडे आहे. त्या खाणं घालतील."

ताईकडे पहिल्या दिवशी साय काढायच्या वेळेला, अकरा वाजता, ती ताडकन उठली. "काय गं?" पट्टी बांधलेल्या ताईने विचारलं. "काही नाही," म्हणून ती परत बसली. तीनचे पाच दिवस झाले. थांब म्हणावं ताईला लागलंच नाही.

परत आली तर मासे मजेत. सायंकाळी नवऱ्याचा फोन. "पेटी ठीक दिसतेय. पण काचेवर हिरवं धरलंय. रोज घासत जा."

"हो," तिच्या तोंडून निघून गेलं. तिने फोन ठेवला. मग तिने स्वतःच फोन लावला.

"काच शनिवारी घासेन. कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात जागा आहे. मी सोमवारपासून कामाला जातेय."

"मी आल्यावर बघू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

सोमवारी ती गेली. रोज सहाला घरी येताना पाय आपोआप भरभर पडायचे, तरी जात राहिली. त्याला यायला अजून एकेचाळीस दिवस होते.