मावशीची पहिली सही

डोक्यावर चादरींचं गाठोडं घेऊन, एक खांदा पाडून, पाय फेंगडे टाकत जाऊबाई नाटकात समोर आल्या आणि सगळा हॉल खो-खो हसला. ती चाल त्यांच्या जावेची, मावशीची होती. शेवटच्या रांगेत बसलेल्या मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हिरवा दोरा बाळंतिणींचा, लाल दोरा तापाच्या वॉर्डाचा," जाऊबाई चादरी वेगळ्या करत म्हणाल्या. "अक्षराशी आपलं वाकडं. दोरा बघायचा अन् गठ्ठा लावायचा. मुकादमाला काय कळतंय?"

पहिल्या रांगेतला लाँड्रीचा मुकादम मात्र हसला नाही. त्याने मान वळवून मावशीला शोधलं. इस्पितळाच्या लाँड्रीत ती एकोणीस वर्षं चादरी लावत होती. चादरीवर वॉर्डाचं नाव छापलेलं असे, पण ते तिला वाचता येत नसे. म्हणून नवी चादर आली की ती गुपचूप कोपऱ्यात दोरा घालायची. गठ्ठा एकदाही चुकला नव्हता. पण गठ्ठे लावायच्या टेबलावर वाचता येणारी बाईच हवी, असा नियम होता. आता टेबल गेलं, हे तिने मुकादमाच्या तोंडावरूनच ओळखलं.

दोऱ्याचं गुपित तिने सांगितलं होतं एकाच माणसाला, प्रौढवर्गाच्या बाईंना. सहा महिने बाईंनी तिला अक्षरं शिकवली आणि गोड बोलून पोटातलं सगळं काढून घेतलं. बाईंचं संशोधन चालू होतं, त्याचं पुस्तक निघणार होतं. लोकांनी आपले प्रश्न आपणच शोधायचे, आपणच नाटकात मांडायचे, असं त्या म्हणत. शोधायला मावशी, मांडायला जाऊबाई, आणि पुस्तकावर नाव बाईंचं.

नाटकाचा एक नियम होता. बघणाऱ्यांपैकी कुणीही 'थांबा' म्हणायचं आणि पुढे येऊन गोष्ट बदलायची.

"थांबा," मावशी म्हणाली.

बाईंचा चेहरा खुलला. "या मावशी. हेच तर हवंय आपल्याला. कुणाची जागा घेताय?"

"कुणाची नाही. हे असं चव्हाट्यावर मांडा, असं मी कधी म्हटलं?"

"अहो, तुमची सही आहे," बाईंनी फाइलीतून कागद काढला. "किती खुशीत केली होतीत."

खरं होतं. ती मावशीच्या आयुष्यातली पहिली सही होती. अंगठ्याऐवजी नाव लिहायला मिळतंय म्हटल्यावर ती इतकी हरखली होती, की वर काय लिहिलंय ते बघायचं राहूनच गेलं.

तिने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. "मा...झी... मा...हि...ती..."

"राहू द्या, मी वाचते."

"खाली बसा. तुम्हीच शिकवलंय ना?"

मुकादम घड्याळ बघत उठला. "बसा साहेब," मावशी म्हणाली, "तुमच्यासाठीच वाचतेय." तो बसला. सात ओळींना पाव तास लागला. आता कुणी हसत नव्हतं. शेवटची ओळ होती, हे सर्व मी वाचले असून मला मान्य आहे.

"वाचलं आत्ता. मान्य नाही," असं म्हणून तिने बाईंचं पेन घेतलं आणि आपलं नाव खोडून टाकलं.

"एवढं सावकाश वाचून चालत नाही," दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला. टेबलावर नवी, शिकलेली बाई बसली, आणि मावशीला ओल्या चादरी पिळायला धाडलं.

दुपारी नवी बाई दोन चादरी घेऊन तिच्याकडे आली. "मावशी, यांच्यावरचं नाव धुऊन गेलंय. कुठल्या वॉर्डाच्या या?"

मावशीने ओले हात पदराला पुसले आणि कोपरा उलटून बघितला.

"बाळंतिणींच्या," ती म्हणाली.