सटरफटरची पहिली ओळ

प्रूफवाले काका चौतीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, खोड काही थांबली नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो की लिफ्टमधली सूचना, काकांची पेन्सिल त्यावर फिरल्याशिवाय राहत नसे. शेवटी काकू वैतागल्या. लोकांच्या भिंती रंगवण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी लिहा आणि त्यातल्या चुका काढत बसा, असं त्यांनी सुनावलं. काकांनी ते शब्दशः घेतलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सात वाजता त्रेचाळीस जणांच्या फोनवर काकांचं ‘सटरफटर’ येऊन पडतं.

त्यात काय नसे? त्रेसष्ट वर्षांनी वाचनालयात परत आलेलं पुस्तक आणि त्याच्या मधल्या पानात सापडलेलं बसचं तिकीट. कुठल्याशा ग्रहाभोवती नव्यानं सापडलेला चंद्र, ज्याचं बारसं अजून व्हायचंय. नाटक चालू असताना रंगमंचावर येऊन झोपलेलं मांजर, आणि त्याला न उठवता नटांनी पुरा केलेला अंक. आठवडाभर काका हाताला लागेल ते वाचत आणि त्यातून सात बातम्या निवडत. प्रत्येकीखाली स्वतःचं एक वाक्य टाकत, बहुतेक वेळा तिरकस.

पण लोक सटरफटर उघडत ते पहिल्या ओळीसाठी. काकांचा नियमच होता, पहिली ओळ मागे झालेल्या चुकीची. ‘ते पुस्तक छत्तीस नव्हे, त्रेसष्ट वर्षांनी परत आलं. आकडे मी उलटे लिहिले.’ वर्तमानपत्रात दुरुस्ती छापली जायची ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या कोपऱ्याचा राग काका नोकरीभर गिळत आले होते, तो त्यांनी इथे काढला. चूक झाली तर ती सगळ्यात वर आणि ठळक. शेजारचे दातांचे डॉक्टर सांगत, की बाकीचं ते सवडीनं वाचतात, पहिली ओळ मात्र दात घासायच्या आधी.

गेल्या वर्षी एका रविवारी सातही बातम्यांची जागा एकाच बातमीनं खाल्ली. काकांची लेक दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत गोगलगायींवर काम करते. तिचा लेख एका नावाजलेल्या नियतकालिकात आला होता. गोगलगाय अकरा दिवसांनंतरसुद्धा आपली स्वतःची जुनी वाट ओळखते आणि त्याच वाटेनं जाते, असं त्यात सिद्ध झालं होतं. काकांनी असा ढोल पिटला की विचारू नका. त्रेचाळीस जणांनी भागलं नाही म्हणून दूधवाल्याला थांबवून सांगितलं, बँकेतल्या शिपायाला सांगितलं. काकू म्हणाल्या, आता फक्त गोगलगायींना सांगायचं राहिलंय.

तेव्हापासून दर बुधवारी जेवण झालं की काका त्या लेखाचं पान फोनवर उघडत. त्यातलं निम्मं त्यांच्या डोक्यावरून जाई. ते नुसतं लेकीचं छापलेलं नाव बघत आणि फोन बंद करून आडवे होत. अशाच एका बुधवारी त्या नावाच्या वर लाल पट्टी दिसली. लेखिकेच्या विनंतीवरून हा लेख मागे घेण्यात आला आहे. खाली कारण दिलं होतं. प्रयोगाचं टेबल एका बाजूला किंचित कललेलं होतं. गोगलगायी वाट ओळखून नव्हे, उतार होता म्हणून तिकडे गेल्या होत्या.

त्या दुपारी ते आडवे झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेकीचा नेहमीचा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता, सर्दी झाली असावी असं काकांनी ठरवून टाकलं. हवापाण्याचं बोलणं झालं. ती काही बोलली नाही, काकांनीही मिठाची गुळणी धरली. त्या रविवारी पहिली ओळ होती, रंगमंचावरचं मांजर करडं नव्हे, काळं होतं. पुढच्या रविवारी चंद्राच्या अंतरात एक शून्य वाढवलं. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी एका स्वल्पविरामाबद्दल माफी मागितली. डॉक्टरांनी जिन्यात विचारलंसुद्धा, काय काका, हल्ली चुका मिळत नाहीत वाटतं?

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा निरोप आला. त्याही त्रेचाळिसांपैकीच. शाळेच्या वार्षिक अंकात त्या गोगलगायीची गोष्ट घेत होत्या. अंक सोमवारी छापायला जाणार होता, लेकीचा एखादा चांगला फोटो हवा होता.

काका निरोप हातात धरून स्वयंपाकघरात गेले. काकूंना सगळं माहीत होतं, एका घरात किती लपणार? त्यांनी निरोप वाचला आणि कणीक मळता मळता म्हणाल्या, की फोटो सापडत नाही असं कळवून टाका.

‘फोटोचं नाही गं. चारपाचशे मुलं ते खरं म्हणून वाचतील.’

‘वाचू देत. गोगलगायीमुळे कुणाचं वाकडं झालंय आजवर? तुमच्या त्या सटरफटरपायी पोरीला तोंडघशी पाडणार आहात का?’

नियम मोडला तर आयुष्यभर ज्यांना नावं ठेवली त्या कोपऱ्यात दुरुस्त्या ढकलणाऱ्यांपैकीच ते एक होणार होते. नियम पाळला तर लेकीची फजिती बापानंच त्रेचाळीस घरांत पोचवायची. दोन्ही त्यांच्या जिवावर आलं. जेवण धड गेलं नाही. दुपारी त्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि लेकीला फोन केला.

आधी जेवलीस का वगैरे झालं. मग एकदाचं त्यांनी सांगून टाकलं, की लाल पट्टी त्यांनी पाहिली आहे.

‘कधी पाहिलीत?’ तिनं विचारलं.

‘झाले साडेतीन आठवडे. बुधवारी.’

ती शांतपणे सांगू लागली. ती चूक दुसऱ्या कुणी पकडलेली नव्हती. एकदा टेबलावर ठेवलेली पेन्सिल आपली आपण घरंगळत जाऊन खाली पडली. तिनं उचलून ठेवली, ती पुन्हा तिकडेच गेली. चार दिवस तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. गप्प बसली असती तर जन्मात कुणाला कळलं नसतं, टेबल तर पुढच्या महिन्यात मोडीत जाणार होतं. पाचव्या दिवशी तिनं स्वतः पत्र लिहून लेख मागे घेतला. साहेब चिडले, बरोबरीचे लोक डबा खाताना वेगळ्या टेबलावर बसू लागले.

‘ते सगळं मी सोसलं, बाबा. तुम्ही दर बुधवारी ते पान उघडता, मला माहीत होतं. वाटलं, निदान एका घरात तरी हे पहिल्या ओळीत येईल. दर रविवारी सातला उठून फोन बघत होते.’ तिचा आवाज चिरकला. ‘आणि तुम्ही काय लिहिलंत? मांजर काळं होतं.’

लेकीला आपण जपतोय असं काकांना वाटत होतं, आणि ती तिकडे एकटी बसून वाट बघत होती. असं काही आपल्या हातून झालं असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, की आत्ता लिहितो, तू सांग.

तिनं सांगितलं, ते कागदावर उतरवू लागले. गोगलगायीच्या बातमीत एक किरकोळ त्रुटी, एवढं लिहून झालं तोच तिनं अडवलं.

‘किरकोळ नाही. अख्खा निष्कर्ष चुकला होता. तसंच लिहा.’

त्यांनी किरकोळ खोडलं. गोगलगाय जुनी वाट ओळखते हे सिद्ध झालेलं नाही, टेबल कललेलं होतं, चूक लेखिकेनं स्वतः शोधली आणि स्वतः जाहीर केली. यातलं शेवटचं वाक्य काकांनी आपल्या पदरचं घातलं, ते तिनं राहू दिलं. फोन ठेवताना तिनं नुसतं, बरंय, म्हटलं.

काकांनी विज्ञानाच्या बाईंना खरं काय ते कळवलं. मग ती दुरुस्ती फोनवर टंकली आणि पुन्हा वाचली. तिच्यात कुठेही खोट नव्हती, तरी त्यांचं बोट ‘पाठवा’वर टेकेना. चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांना कळत होतं, की मजकुरात काहीतरी राहिलंय. मग त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि रविवारची वाट न बघता, शनिवारी दुपारी साडेचारलाच, सगळं त्रेचाळीस जणांना पाठवून दिलं. काकू आपला फोन घेऊन बाल्कनीत आल्या, चष्मा लावून सगळं वाचलं आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या.

पाच मिनिटांत लेकीचा फोन आला.

‘खालची ओळ मी सांगितली नव्हती,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘वाचून दाखवा ना. तुमच्या तोंडून ऐकायचीय.’

काकांनी घसा साफ केला. ‘दुसरी चूक माझी,’ त्यांनी वाचायला सुरुवात केली. ‘हे मला साडेतीन आठवडे माहीत होतं. लेकीला जपायचं म्हणून मी छापत नाही, असं स्वतःला सांगत होतो. ते खरं नव्हतं. मला लोकांची लाज...’ आणि तिथेच त्यांचा आवाज अडकला. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. काकांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि या खेपेला शेवटपर्यंत वाचली.