अस्सल साउंडबॉक्सची वाट

मी एक जुना फोनोग्राफ आहे. मित्रांनो, माझ्या या रूपाला भुलू नका. ही पितळेची झळाळी, हा घासूनपुसून लखलखीत केलेला कर्णा, सगळं आमच्या धाकट्या मालकांच्या छंदाचं फळ आहे आणि त्या छंदाचा मला वीट आला आहे.

माझी उमेदीची वर्षं एका वकिलांच्या कचेरीत गेली. मी गाणी वाजवणाऱ्यांपैकी नव्हे. साहेब कर्ण्यात पत्र सांगत, माझी सुई ते मेणाच्या नळीवर कोरत असे आणि टंकलेखक ते ऐकून कागदावर उतरवत. मग मेणाचा वरचा थर खरवडला की नळी पुन्हा कोरी. सुई ज्या डबीत बसते तिला साउंडबॉक्स म्हणतात. कोरायचा वेगळा, ऐकवायचा वेगळा. माझा ऐकवायचा साउंडबॉक्स एकदा फुटला, तेव्हा एका घड्याळजीने त्यात नवी चकती बसवून कडेला डांबर फासलं. दिसायला ध्यान, पण आवाज खणखणीत. टंकलेखक त्याची तारीफ करत आणि मी खूश असे.

कचेरी बंद होताना साहेब शेवटच्या नळीवर आपल्या दोन मुलांसाठी बोलले आणि ती त्यांनी खरवडू दिली नाही. पुढे साहेब गेले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे धूळ होती, उंदीर होते. पण निदान कोणी मला खोलून बसत नव्हतं.

साहेबांचा मुलगा निवृत्त झाला आणि त्याला जुने फोनोग्राफ जमवायचं वेड लागलं. कपाटात कपड्यांच्या जागी स्प्रिंगा आल्या, वाळत घालायच्या दोरीवर कर्णे लटकले. मलाही खाली काढलं. ते कळताच त्याची थोरली बहीण धावत आली. बाबा तिला लाडाने चिऊ म्हणत. ती हाक एकदा कानावर पडावी, एवढंच तिला हवं होतं. हल्ली तिला कमी ऐकू येऊ लागलं होतं, म्हणून घाई. पण ताई ज्याला अजून बाळ्याच म्हणते, त्या आमच्या मालकांनी नाक मुरडलं. डांबर फासलेल्या डबड्यावर बाबांचा आवाज ऐकायचा नाही, अस्सल साउंडबॉक्स मिळेपर्यंत थांब, म्हणाले. ती बिचारी थांबली. वर्षं गेली. ती येई, विचारी, आणि हे तिला नवा मिळालेला स्क्रू दाखवत. मला हात असते तर मी कपाळ बडवून घेतलं असतं.

अखेर एका भंगारवाल्याकडे अस्सल साउंडबॉक्स सापडला. बाळ्याने भिंग लावून वरचा शिक्का तपासला. शिक्का जुळला आणि स्वारी हरखली. खालची सुई मात्र पाहिली नाही. मित्रांनो, तो कोरायचा साउंडबॉक्स होता! ऐकवायच्या सुईचं टोक गोल असतं, याचं पात्यासारखं धारदार. घरभर हेच सामान भरून ठेवलेल्या माणसाला एवढं कळू नये?

ताईला बोलावलं. नळी फिरू लागली. कर्ण्याला कान लावून बसलेल्या ताईला आवाज येईना, पण खाली काहीतरी पडताना दिसलं.

"बाळ्या, हे काय पडतंय रे?"

"जुनी धूळ असेल. तू ऐक."

"धुळीच्या अशा गुंडाळ्या होत नाहीत. आधी उचल ते."

त्याने सुई उचलली तोवर निम्मी नळी कोरून निघाली होती. बाळ्याचा चेहरा पांढराफटक पडला. ताईने आवाज चढवला नाही. तिने फक्त ते डांबराचं डबडं मागितलं. खोक्याच्या तळातून शोधून त्याने ते बसवलं. आधी नुसती खरखर, तिच्यात बाळ्याचंच मघाशी नळीवर कोरलं गेलेलं पुसट "जुनी धूळ असेल". आणि मग अचानक, वाक्याच्या मध्येच, साहेब.

"...आणि बाळ्या, ताईला विचारल्याशिवाय तिच्या वस्तूंना हात लावत जाऊ नकोस."

ताई खळखळून हसली. मग डोळे पुसत तिने हळूच विचारलं, "आधी मला हाक मारली असेल का रे?"

मला ठाऊक होतं. अगदी सुरुवातीला मारली होती, दोनदा, आणि दुसऱ्यांदा साहेबांचा आवाज जरा कापला होता. पण मेणावर जे उरलं नाही, ते मी कुठून ऐकवू?

म्हणून मित्रांनो, हात जोडायची सोय नसली तरी विनवतो. घरातलं जुनं यंत्र ओबडधोबड असलं तर असू द्या. चालतंय ना? मग कोणी ऐकायला आसुसलं असेल, तर त्याला आजच ऐकवा.